गेनूभाऊ पाटकऱ्यांचे शेरे

राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, हे आपण सगळे लहानपणापासून बिनतक्रार मान्य करत आलो आहोत. गेनूभाऊ पाटकऱ्यांनी ते मान्य केलं नाही. त्यांनी त्या गोष्टीचा पंचनामा केला.

आमच्या गावच्या वाचनालयात परीकथांचं एक पुस्तक होतं. त्याच्या सत्ताविसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘राक्षसाचा जीव पोपटात असल्याचे आढळून आले. सदर पोपटास इतकी वर्षे दाणापाणी कोण देत होते याचा खुलासा होत नाही. सबब गोष्ट अर्धवट.’ आणि त्याच्याच खाली, त्याच अक्षरात: ‘त्या पोपटानं काय केलं हुतं कुनाचं? उगं मान मुरगाळली.’

मी त्या वाचनालयाचा ग्रंथपाल. म्हणजे सकाळी प्राथमिक शाळेत मास्तर आणि संध्याकाळी पाच ते आठ ग्रंथपाल. कोल्हारपासून सायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर, पाटाच्या कडेला आमचं गाव. तिथे एक खोली, दोन बाकं, तीन कपाटं, एवढा आमचा सरस्वतीचा संसार. कुणी पुस्तकाचं पान दुमडलं तरी माझा दिवस खराब जायचा. थुंकी लावून पान उलटणाऱ्या माणसाशी मी आठ-आठ दिवस बोलत नसे. अशा माझ्या नशिबी गेनूभाऊ आले.

गेनूभाऊ पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. पाटाच्या चाऱ्यांना, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटांना, पाणी सोडायचं, कुणाची पाळी कधी ते बघायचं, आणि कुणी चोरून दार उचललं तर जागेवर जाऊन पंचनामा करायचा, हे त्यांचं काम. अंगात खाकी शर्ट, खाली धोतर, हातात चारीचं दार उघडायची लांबलचक लोखंडी चावी. ती चावी ते वाचनालयातही घेऊन येत आणि माझ्या टेबलाला टेकवून ठेवत. बोलणं अस्सल आमच्या भागातलं. पण कागदावर पेन्सिल टेकली की त्यांच्यात मामलेदार संचारायचा. पंचवीस वर्षं पंचनामे लिहून लिहून कागदावर वेगळं काही लिहिता येतं हेच ते विसरून गेले होते.

“डोळ्यानं बघितलं ते लिवायचं, मास्तर,” ते मला समजावत. “लिवलं न्हाई त्याला बघितलं म्हनत न्हाई.”

“अहो, पण सरकारी कागदावर लिहा. वाचनालयाच्या पुस्तकात कशाला?”

“मंग जागेवरच लिवाया पायजे ना! घटना पुस्तकात घडली, आन् पंचनामा घरी बसून करू व्हय?”

मी पुस्तक उचलून कपाटात ठेवलं.

त्यांना पुस्तकांत आवडनिवड नव्हती. परीकथा, लोककथा, चित्रकथा, विज्ञान, प्रवास, कुक्कुटपालन, जे हाताला लागेल ते न्यायचे आणि सगळ्यांची सारखीच कसून चौकशी करायचे. अंगठी घासली आणि महाल उभा राहिला, तर समासात: ‘महाल रातोरात बांधला. जमीन कोणाच्या मालकीची याचा उल्लेख नाही.’ खाली: ‘इतका मोठा महाल, आन् चूल कुठं हाय?’ नावडत्या राणीला मूल झालं, सवतींनी ते लपवून पाळण्यात वरवंटा ठेवला आणि राजाने तो खरा मानला, या लोककथेवर: ‘राजाने समक्ष खात्री केली नाही. पंच हजर नव्हते.’ खाली: ‘राजा येडा हाय. बाईला कदी वरवंटा हुतो का?’

नगरहून एकदा चित्रकथांचा गठ्ठा आला. त्यात एक पहिलवान एका हाताने आगगाडीचं इंजिन उचलायचा. गेनूभाऊंनी नोंदवलं: ‘इंजिन उजव्या हाताने उचलले. ड्रायव्हर आत होता किंवा कसे, कळून येत नाही.’ आणि खाली: ‘समद्या पानांवर त्योच सदरा. हा धुतो कवा?’ चंद्रावर माणूस गेल्याची हकीकत सांगणाऱ्या पुस्तकावर: ‘चंद्रावर पाणी नसल्याचे वाचले. शेवटच्या चारीलाही नाही.’ खाली: ‘इतक्या लांब गेले आन् दगडं घिऊन आले?’

दर वेळी असंच. वर मामलेदार आणि खाली धडधडीत गावरान. मला वाटायचं, या माणसाला दोन ओळींपेक्षा जास्त वेळ सरकारी भाषा पेलत नाही, तिसऱ्या ओळीला दम लागतो.

पुस्तक परत आणलं की गेनूभाऊ ते टेबलावर ठेवून तिथेच घुटमळत.

“बघितला का शेरा?”

“बघितला. यापुढे एक ओळ जरी लिहिलीत तर दंड लावीन.”

“पर वाचला का?”

“गेनूभाऊ, मला कामं आहेत.”

ते क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत, चावी उचलत आणि निघून जात. असं कितीतरी वेळा झालं.

मग एका चैत्रात त्यांची बायको, सगुणाबाई, वारली. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. दोन महिने गेनूभाऊ वाचनालयाकडे फिरकले नाहीत. आले ते हातात एक चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीवर पुस्तकांची नावं. सगळी त्यांनी आधी नेलेली.

“अहो, नवी आली आहेत. ध्रुवावरच्या प्रवासाचं एक आहे, चांगलं आहे.”

“नगं. हीच द्या.”

एकेक पुस्तक दोन दिवसांनी परत यायचं आणि पुढचं जायचं. नवे शेरे मात्र साफ बंद झाले होते. मी मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना, शहाणपण आलं. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

बहात्तर साल लागलं आणि दुष्काळाने सगळ्यांची तोंडं सुकवली. माणसं खडी फोडायला जायची. पाटात पाणी नव्हतं, त्यामुळे गेनूभाऊंना काम नव्हतं. त्याच सुमारास आमच्या वाचनालयाला पत्र आलं. आठ दिवसांनी तपासणीला अधिकारी येणार होते. आमचं वाचनालय ‘ड’ वर्गात होतं. तपासणी नीट पार पडली असती तर ‘क’ वर्ग मिळाला असता. ‘क’ वर्ग म्हणजे दर वर्षी जास्त पुस्तकं आणि चौथं कपाट. सहा वर्षं मी या एका अक्षरासाठी झुरत होतो. बायको म्हणायची, आपला मुलगा वरच्या वर्गात गेला तेव्हासुद्धा तुम्ही इतका घोर लावून घेतला नव्हता.

आमचे अध्यक्ष तात्या येऊन कपाटं बघून गेले. दहा मिनिटांत त्यांच्या हाती तीन पुस्तकं लागली, आणि तिन्हींत गेनूभाऊ.

“मास्तर, हे काय हाय? वाचनालय हाय का चावडी?” तात्या कडाडले. “साहेब येयाच्या आत समदं खोडा. न्हाई खोडलं तर तुमचा राजीनामा मी लिवून घेईन.”

मी रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सगळी पुस्तकं चाळून बाधित पुस्तकं वेगळी काढली. सदतीस निघाली. एका कपाटाचे दोन कप्पे भरले. मी चार मोठे खोडरबर विकत आणले आणि बाह्या वर केल्या. तेवढ्यात गेनूभाऊ आले. त्यांनी टेबल बघितलं, रबर बघितला, आणि त्यांचा चेहरा पार उतरला.

“खोडू नका, मास्तर.”

“माझी नोकरी जाईल. तुमची नोंद राहो की जावो, मला त्याचं काय?”

“दंड लावा. माझं नाव काढून टाका. पर खोडू नका.”

“का?”

त्यांनी कपाटासमोरचं बाक ओढलं, कपाटाला पाठ लावून बसले आणि खिशातून खात्याची वही काढली. मी रबर उचलला. त्यांनी पेन्सिल उचलली.

“काय लिहिताय?”

“‘सायंकाळी सहा वाजता मास्तर यांनी खोडरबर हाती घेतला,’” ते लिहिता लिहिता वाचत होते.

मी रबर खाली ठेवला. त्यांनी लिहिलं, ‘खाली ठेवला.’

सहा दिवस हाच प्रकार. पाच वाजता मी कुलूप उघडायचो तर हे पायरीवर हजर. आठ वाजता मी दार लावेपर्यंत कपाटासमोरून हलायचे नाहीत. पाणी प्यायलाही उठले नाहीत. वर्तमानपत्र वाचायला येणारी चार माणसं आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघायची. एकदा मी दुपारी येऊन खोडायचा बेत केला, तर शाळेतून सुटका झाली नाही. रविवारी सकाळीच गेलो, तर गेनूभाऊ पायरीवर भाकरी सोडून बसलेले.

“रबरानं कागद फाटतोय, मास्तर,” एवढंच म्हणाले.

तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र नशीब पालटलं. वरच्या धरणातून गावांना प्यायचं पाणी सोडलं. सगळ्या पाटकऱ्यांना आपापल्या दारांवर उभं राहायचा हुकूम आला. गेनूभाऊंना जावंच लागलं. पाच वाजता पायरी रिकामी बघून माझ्या जिवात जीव आला.

मी भराभरा खोडायला लागलो. पण ही पेन्सिल काही निघेना. रबर फिरवला की अक्षर फिकट व्हायचं, पण राखाडी डाग पसरायचा. दोन पानं टरकली. घड्याळ पुढे सरकत होतं, आणि अजून पस्तीस पुस्तकं बाकी होती. तेव्हा मला एक युक्ती सुचली. तशी अवदसा दुसऱ्या कुणाला आठवायची नाही. घरी पाटीवरचं आपण ओल्या फडक्याने पुसतोच की! मी माठातल्या पाण्यात फडकं भिजवलं, पिळलं, आणि हातासरशी, मागे वळून न बघता, सगळ्या पुस्तकांच्या समासांवरून फिरवून घेतलं. मग एका बाजूने वाळवण घातल्यासारखी सगळी पुस्तकं बाकांवर उघडून ठेवली.

दहा मिनिटांनी बघतो तर सगळे शेरे जांभळे झालेले. पेन्सिल साधी नव्हती, खात्याची कॉपिंग पेन्सिल होती. कोरडी असते तोवर राखाडी दिसते, पाणी लागलं की शाई होते आणि मग जन्मात निघत नाही. सदतीस पुस्तकांतून पोपट, वरवंटा, चूल आणि सदरा असे ठणठणीत जांभळे होऊन माझ्याकडे बघत होते. खोटं कशाला सांगू, मी रडलो.

साडेसातला गेनूभाऊ आले. गुडघ्यापर्यंत चिखल. ते दारातच थबकले. मला वाटलं, आता चावी डोक्यात घालणार. पण ते वाकले, एक पुस्तक उचललं आणि दिव्याखाली धरलं.

“लई ठळक झालं की,” ते हळूच म्हणाले. “आता शंभर वर्सं जात न्हाई.”

“तुम्हाला ठाऊक होतं पाण्याचं?”

“पंचवीस वर्सं तीच पेन्सिल वापरतोय.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“तुमी रबराचं बोलत हुते. पान्याचं कुठं ईचारलं?”

दुसऱ्या दिवशी अकराला साहेब आले. चष्मा लावलेले, शांत, कमी बोलणारे. दाखलनोंदवही बघितली, खुश झाले. देवघेवीचं रजिस्टर बघितलं, मान हलवली. तात्यांनी चहा मागवला. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलत होतो. आणि साहेब उठून नेमके त्याच कपाटाकडे गेले. एक पुस्तक काढलं, उघडलं, वाचलं. मग दुसरं, मग तिसरं. त्यांच्या तोंडावरची रेघ हलली नाही. तात्यांच्या कपात चहावर साय धरली.

“हे विद्रूप आहे,” साहेब शेवटी म्हणाले. “बाकी सगळं समाधानकारक आहे. ही असली सगळी पुस्तकं रद्द करून टाका आणि तसं कळवा. कळवलंत की ‘क’ वर्गाची शिफारस करतो.”

म्हणजे वाचलो! साहेबांची जीप हलल्यावर तात्या म्हणाले, “आजच्या आज रद्दीत घाला.” मी मान डोलावली. पण मनात आलं, रद्दीवाल्याला देण्यापेक्षा ज्याची घाण त्यालाच देऊ. सहा दिवस माणूस राखण बसला होता, त्याचा जीवही शांत होईल. मी सुतळीने दोन गठ्ठे बांधले, सायकलच्या कॅरिअरवर लादले आणि गेनूभाऊंचं बिऱ्हाड होतं त्या पाटावरच्या चौकीकडे निघालो. मला अगदी उदार झाल्यासारखं वाटत होतं.

गेनूभाऊ ओट्यावर विडी ओढत बसले होते. मी गठ्ठे त्यांच्यासमोर ठेवले.

“घ्या. तुमचीच झाली आता. घरी ठेवा, पाहिजे तेवढी वाचा.”

त्यांनी गठ्ठ्यांना हातसुद्धा लावला नाही.

“घरी नगं, मास्तर.”

“अहो, म्हणजे काय? याच्यासाठीच तर एवढं रामायण केलंत ना?”

“मला काय करायचं? मला समदं पाठ हाय.” ते थांबले. विडी विझवली. “ते माझं न्हवं. वरचं माझं. खालचं तिचं.”

मला आधी कळलंच नाही.

“तिला लिवाया-वाचाया येत न्हवतं. मी वाचायचो, ती भाकरी थापता थापता ऐकायची. मी माझा पंचनामा लिवला की म्हनायची, आता माझं बी लिवा. जसं बोलली तसं लिवायचो. एक अक्षर फिरवलं न्हाई. तिला वाटायचं, गावात लोकं वाचतेत. पुस्तक देऊन घरी आलो की पयलं ईचारायची, मास्तर काय म्हनले?”

“मग?”

“मी सांगायचो, लई हसले.”

“मी तर कधी...”

“न्हाई हसला तुमी. एकदा बी न्हाई,” गेनूभाऊ म्हणाले. त्यात राग नव्हता. जागेवर जसं आढळलं तसं ते सांगत होते. “घरात ठेवून कोन वाचनार? तळाला ठेवा, मागं ठेवा, पर कपाटात ठेवा. ती काय मला ऐकवाया थोडीच बोलत हुती?”

मी तिथेच ओट्यावर बसलो आणि सुतळी सोडली. इतकी वर्षं जे मी नुसतं बघितलं होतं ते पहिल्यांदा वाचायला लागलो. मधमाश्यांच्या पुस्तकात: ‘मध त्यांचा, आन् मालक ह्यो कसा?’ समुद्रात सात वर्षं भटकून घरी परतलेल्या राजपुत्राच्या गोष्टीत: ‘त्याच्या बायकूनं सात वर्सं काय केलं ते लिवलंच न्हाई.’ एका बालसंगोपनाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर एकच ओळ होती: ‘हे नगं. दुसरं आना.’ मी ते घाईने मिटलं. गेनूभाऊ दुसरीकडे बघत होते.

सर्वांत शेवटचं, त्या चैत्रात नेलेलं, एक लोककथांचं जाड पुस्तक होतं. त्यातले शेरे बासष्टाव्या पानावर संपत होते. तिथे वरची सरकारी ओळ नव्हती. नुसतं खालचं होतं: ‘आज इथंच थांबा. बाकीचं उद्या.’

“हेसुद्धा लिहिलंत?”

“ती बोलली,” गेनूभाऊ म्हणाले. “मंग लिवलं.”

मी गठ्ठे पुन्हा बांधले आणि सायकलवर चढवून परत आणले. पुस्तकं जिथून काढली होती तिथेच लावली, तळाला नाही आणि मागेही नाही. रद्द केल्याचं पत्र मी पाठवलं नाही. तात्यांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. राजीनामा मात्र त्यांनी घेतला नाही, कारण संध्याकाळचे तीन तास फुकटासारखं बसणारा दुसरा माणूस त्यांना मिळेना. आमचं वाचनालय पुढची कितीतरी वर्षं ‘ड’ वर्गातच राहिलं.

महिनाभराने आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई पुस्तक परत द्यायला आल्या. तोंडावर पदर धरून हसत होत्या.

“मास्तर, ह्यात जांभळ्या शाईत एका बाईनं लिहिलंय ना, तिचं आणखी कुठल्या पुस्तकात आहे का हो?”

“बाईनं?” मी विचारलं. “तुम्हाला कसं कळलं?”

“अहो, चूल कुठं आहे हे पुरुषमाणूस विचारील का? काल रात्री आम्ही सगळ्या जणी हसून हसून लोळलो.”

मी त्यांना वरवंट्याचं पुस्तक दिलं. मग पाच मिनिटांसाठी म्हणून वाचनालयाला कुलूप घातलं आणि सायकलवर टांग टाकून थेट चौकी गाठली. गेनूभाऊ अंगणात चारीच्या चावीला वंगण लावत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. नर्सबाई काय म्हणाल्या, कशा म्हणाल्या, किती जणी होत्या, सगळं.

“खरंच हसल्या?”

“पोट धरून. आणखी मागून घेऊन गेल्या.”

गेनूभाऊंचा सगळा चेहरा उजळला. हातातलं फडकं टाकून ते लगबगीने घराच्या दाराकडे वळले.

“ऐकलं का गं...” एवढं म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.